काविळीमागे स्वादुपिंडाची गाठ निघाली, तर ऑपरेशनचं काय?

शिरढोण, पळस्पे, चिंचवण या भागातून येणाऱ्या विचारणांत एक प्रश्न वरचेवर असतो. घरातल्या कुणाला काविळ झाली, सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली, मग सीटीत ‘पॅन्क्रियाजच्या डोक्यात गाठ’ असा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणतात मोठं ऑपरेशन लागेल. घरचे विचारतात, करायचं का? आणि केलं तर माणूस जगतो किती?

मग गावातली उदाहरणं निघतात. कुणाच्या मामांचं हेच ऑपरेशन झालं आणि ते दहा वर्षं शेतावर जाऊन काम करत होते. दुसरा म्हणतो, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होते, मुंबई झाली, न्यूयॉर्क झालं, दिल्लीचं एम्स झालं. २०१८च्या फेब्रुवारीत आजार कळला आणि १७ मार्च २०१९ला गेले. मग डॉक्टर उगाच आशा लावतात की काय? या दोन्ही उदाहरणांवरून तुमच्या रुग्णाचं काही ठरत नाही. ते कशावरून ठरतं, तेवढंच इथे सांगतो.

गाठ नक्की कशाची, हा पहिला प्रश्न

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. त्याच्या डोक्यातून पित्ताची नळी जाते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते. त्या तोंडाजवळ चार वेगवेगळ्या ठिकाणी कॅन्सर होऊ शकतो: स्वादुपिंडाचं डोकं, पित्तनळीचं खालचं टोक, नळीचं तोंड (डॉक्टर त्याला ‘अँप्युला’ म्हणतात) आणि आतडं. चारांची काविळ सारखी आणि ऑपरेशनही तेच, पण निकाल सारखा नाही. अँप्युलाचा कॅन्सर लवकर काविळ दाखवतो, म्हणून लवकर सापडतो, आणि ऑपरेशननंतरचं आयुष्य स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त असतं. दहा वर्षं जगलेले मामा बहुधा या गटातले असतात.

पाचवा प्रकार न्यूरोएंडोक्राइन गाठीचा. तीही स्वादुपिंडातच असते, पण सहसा सावकाश वाढते. स्टीव्ह जॉब्ज यांना ती होती. २००३ मध्ये निदान झालं, २००४ मध्ये ऑपरेशन आणि २०११ मध्ये निधन. पर्रीकरांचा आजार स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि तोही पुढच्या अवस्थेतला. तिथे अमेरिका गाठूनही फार फरक पडत नाही.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ‘ही गाठ स्वादुपिंडाची की अँप्युलाची? की अजून सांगता येत नाही?’ पुष्कळदा ऑपरेशननंतरच्या बायोप्सीतच ते पक्कं कळतं, आणि तसं उत्तर मिळालं तर ते प्रामाणिक आहे असं समजा.

काविळ ‘उतरवण्यात’ जाणारे आठवडे

आपल्याकडे काविळ म्हटलं की आधी माळ. डोक्यावर घातलेली माळ दिवसागणिक लांबत गळ्यात, मग छातीवर येते, आणि काविळ उतरली असं सगळे म्हणतात. त्या माळेतले काड्यांचे तुकडे वाळून आकसतात आणि दोऱ्याचे फास सैल होतात, म्हणून माळ लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तेही हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसामुळे. काविळ नसलेल्या कुणाचे हात तसे धुऊन बघा.

माळेवर विश्वास बसतो त्याला कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी काविळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. गाठीची काविळ मात्र थांबत नाही, वाढतच जाते. फरक ओळखायचा तो असा:

- पोटात फार दुखत नाही, ताप नाही, पण डोळे रोज जास्त पिवळे होतात
- अंगाला खाज सुटते, रात्री झोप लागत नाही
- शौचाचा रंग पांढुरका, मातकट, लघवी गडद
- वजन उतरतं, भूक मरते
- पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघतो, घरात कुणाला नसताना, आणि वजनही घटत असतं

यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तरी त्याच आठवड्यात पोटाची सोनोग्राफी आणि बिलिरुबिनची रक्ततपासणी करून घ्या. सोनोग्राफीत पित्ताची नळी रुंद दिसली आणि खडा दिसला नाही, तर पुढची पायरी सीटीची. ‘पंधरा दिवस औषध घेऊन बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

सीटी आधी, स्टेंट नंतर

घाईत नेमका हाच क्रम उलटा होतो. काविळ दिसली की जवळच्या दवाखान्यात दुर्बिणीतून नळीत स्टेंट टाकतात आणि सीटी नंतर काढतात. स्टेंटमुळे आजूबाजूला सूज येते, कधी स्वादुपिंडाचा दाह होतो, आणि मग सीटीत गाठीची कड कुठे संपते ते नीट दिसत नाही. ऑपरेशन शक्य आहे की नाही हे त्या कडेवरच ठरतं.

सीटी मागताना ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा सीटी’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या. त्यात रंगद्रव्य सोडून ठरावीक वेळांनी, पातळ कापांत चित्रं घेतात. साध्या पोटाच्या सीटीवर निर्णय देणं सर्जनला कठीण जातं आणि सीटी पुन्हा काढायला लागतो. फिल्मबरोबर सीडी मागून घ्याच. फिल्मवर सगळं येत नाही.

स्टेंट लागतो कधी? थंडी वाजून ताप येत असेल, काविळ फारच वाढली असेल, आधी केमो द्यायची ठरली असेल किंवा ऑपरेशनला काही आठवडे लागणार असतील, तेव्हा. एरवी थेट ऑपरेशन बरं. नेदरलँड्समधला २०१०चा अभ्यास यावर फार स्पष्ट बोलतो: बिलिरुबिन १५च्या आत असलेल्या रुग्णांत आधी स्टेंट टाकलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, लवकर थेट ऑपरेशन केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना.

बायोप्सीबद्दलची भीती वेगळीच. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’, ‘पोट उघडलं की हवा लागते’ हे तुम्ही ऐकलं असेल. हवेनं काही पसरत नाही. पोट उघडल्यावर यकृतावर आजार दिसला म्हणून ऑपरेशन न करता टाके घातले, तर तो आजार आधीपासूनच तिथे होता. स्वादुपिंडाची बायोप्सी एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीतून, जठराच्या आतून घेतात. सीटीचं चित्र स्पष्ट असेल आणि गाठ काढण्याजोगी असेल तर ऑपरेशनआधी बायोप्सी लागतेच असं नाही. केमो आधी द्यायची असेल तर मात्र बायोप्सीशिवाय देऊ नये. क्वचित टीबी किंवा प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून आलेली सूजही हुबेहूब गाठीसारखी दिसते.

सीए १९-९ ही रक्ततपासणी एकट्यानं काहीच ठरवत नाही. काविळीतही तो आकडा चढतो, आणि शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात तो पदार्थ तयारच होत नाही.

ऑपरेशन होईल की नाही, कशावरून ठरतं

गाठीच्या आकारापेक्षा ती कुठल्या रक्तवाहिनीला चिकटली आहे ते महत्त्वाचं. आतड्याला आणि यकृताला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या स्वादुपिंडाला खेटून जातात. त्यावरून चार गट पडतात:

- काढण्याजोगी: धमन्या मोकळ्या, दूर कुठे पसरलेली नाही. ऑपरेशन.
- सीमेवरची: रक्तवाहिनीला थोडी टेकलेली. आधी काही महिने केमो, मग पुन्हा सीटी, मग निर्णय.
- जागेवर पसरलेली: धमनीला वेढा घातलेला. मुख्य उपचार केमो. थोड्या जणांचं पुढे ऑपरेशन होतं.
- दूर पसरलेली: यकृत, फुप्फुस किंवा पोटाच्या आवरणावर. इथे ऑपरेशननं आयुष्य वाढत नाही, उलट केमो लांबते.

निदानाच्या वेळी शंभरातले साधारण १५ ते २० रुग्णच पहिल्या गटात असतात. ‘ऑपरेशन नको म्हणाले’ याचा अर्थ डॉक्टरांनी हात झटकले असा घेऊ नका. दुसऱ्या गटातल्या रुग्णाला आधी केमो सांगितली तर घरचे घाबरतात आणि लगेच कापून देणारा दुसरा सर्जन शोधतात. असा सर्जन मिळतोही. तोटा रुग्णाचा होतो.

वय हा एकटा अडथळा नाही. सत्तरीतल्या, दोन जिने न थांबता चढणाऱ्या माणसाचं ऑपरेशन होतं. पंचावन्नच्या, हृदय कमजोर असलेल्या माणसाचं कदाचित नाही.

कुठे करायचं

माझ्या मते संपूर्ण प्रवासातला सर्वांत मोठा निर्णय हा आहे आणि तो बहुतेक घरांत सर्वांत घाईनं होतो. या ऑपरेशनचं नाव व्हिपल. अमेरिकी सर्जन अॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ते मांडलं. यात स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग आणि कधी जठराचा थोडा भाग काढतात, मग स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर असे तीन जोड आतड्याला देतात. पाच ते आठ तास लागतात. गाठ शेपटाकडे असेल तर ऑपरेशन वेगळं, त्यात सहसा प्लीहाही काढतात. तेव्हा न्यूमोनिया आणि मेंदूज्वराविरुद्धच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. ते विचारायला विसरू नका.

तिन्ही जोडांत नाजूक जोड स्वादुपिंडाचा. तो पाझरला तर पाचक रस पोटात सांडतो. हे वेळेत ओळखणं सर्जनच्या एकट्याच्या हातात नसतं; रात्रीची नर्स, आयसीयू, रक्तस्राव थांबवणारा रेडिऑलॉजिस्ट, असा सगळा संच लागतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांची पाहणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. वर्षाला १६हून अधिक अशी ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण ३.८ टक्के होतं. वर्षाला एखादंही न करणाऱ्या ठिकाणी १६.३ टक्के. आज चांगल्या केंद्रांत ते आणखी खाली आलं आहे.

शिरढोणहून पाहिलं तर अंतराची सबब फारशी उरत नाही. पनवेलहून हार्बर लाइनवर तिसरं स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१पासून आहे; पनवेल लोकलनं कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेनं परळ, किंवा शिवडीला उतरून टॅक्सी. स्वादुपिंडाचा विभाग कुठल्या दिवशी आणि कुठे बघतो हे फाइल काढतानाच विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल. प्रत्यक्ष जाण्याआधी मत हवं असेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट पाठवता येतात. मुंबई, नवी मुंबईत इतर अनुभवी केंद्रंही आहेत. पाटी कुठलीही असो, हे प्रश्न विचारा:

- तुमच्या रुग्णालयात वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात?
- गेल्या वर्षी त्यातले किती रुग्ण दगावले?
- ऑपरेशन कोण करणार, तुम्ही की तुमचे सहकारी?
- केस ट्युमर बोर्डात, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिऑलॉजिस्ट यांच्या एकत्र बैठकीत, चर्चेला आली का?
- रात्री रक्तस्राव झाला तर अँजिओग्राफी करणारे डॉक्टर इथेच आहेत का?

चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही एक उत्तर समजा.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

बिडी, सिगारेट, तंबाखू आणि मशेरी आजपासून बंद. रोज चालणं चालू. फुप्फुसाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र देतात. घरोघरी ते फुंकताना दिसतात. फुंकायचं नाही, नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचा. खाण्यात अंडी, मासे, डाळ, दूध हवं. काविळीचं पथ्य म्हणून नुसती पेज, मुरमुरे आणि उसाचा रस यावर ठेवलेला रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर अशक्त होऊन पोचतो.

मग माणूस किती जगतो?

आकडे ऐकायचे असतील तर पूर्ण ऐका. अमेरिकेत सर्व टप्प्यांचे रुग्ण मोजले तर निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले १३च्या आसपास हयात असतात. ऑपरेशन झालेल्यांचं चित्र वेगळं आहे. जर्मनीतल्या एका अभ्यासात नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी पाच वर्षांनी १०.४ टक्के हयात होते. ऑपरेशननंतर जेमसायटाबिनची केमो घेतलेल्यांपैकी २०.७ टक्के. पुढे फ्रान्स आणि कॅनडात चार औषधांची फॉलफिरिनॉक्स केमो वापरली, तेव्हा पाच वर्षांनी ४३.२ टक्के हयात होते. शेवटचा आकडा निवडक, ऑपरेशनमधून छान सावरलेल्या रुग्णांचा आहे हे लक्षात ठेवा. अशक्त माणसाला ती केमो झेपत नाही.

यातून घरच्यांनी घ्यायची गोष्ट एकच: ऑपरेशन छान झालं म्हणून केमो टाळू नका. ‘गाठ तर काढली, आता विष कशाला?’ हा प्रश्न फार घरांत विचारला जातो. गाठ काढल्यावरही डोळ्यांना आणि सीटीला न दिसणारा आजार उरलेला असतो, आणि ऑपरेशननंतर एक-दोन वर्षांत परत येणारा आजार तोच. केमो साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावी. जखम भरायला पंधरा दिवस जास्त लागले तर घाबरू नका. ठरलेले सगळे डोस पूर्ण होणं अधिक महत्त्वाचं आहे.

डिस्चार्जनंतर बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट हातात घ्या आणि तीन गोष्टी विचारा: कडा स्वच्छ निघाल्या का, किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि त्यातल्या किती बाधित होत्या. बीआरसीए जनुकाची तपासणी करायची का, तेही विचारा. त्यावरून औषध बदलू शकतं आणि मुलाबाळांनाही धोका कळतो.

घरी आल्यावर

पाचक रस कमी झाल्यानं शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं, उग्र वासाचं होतं आणि वजन वाढत नाही. त्यासाठी पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूल देतात. त्या जेवणानंतर घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण लांबलं तर मध्ये पुन्हा. कॅप्सूल नीट घेतली तर भाकरी, आमटी, तळलेला बोंबील बेतानं चालतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. साखर तपासत राहा. काहींना मधुमेह नव्यानं होतो.

पैसा, कार्ड आणि हक्क

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. जुलै २०२३च्या शासन निर्णयानं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झालं आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटा. मंजुरी आधी लागते. आधी रोख भरून मग बिल दाखवून पैसे परत मिळण्याची ही योजना नव्हे. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका, ‘या ऑपरेशनसाठी आहे का’ हेही विचारा. हेल्पलाइन १५५३८८.
- सत्तरीपुढच्यांसाठी: आयुष्मान वय वंदना कार्ड, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत.
- धर्मादाय रुग्णालयं: सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ककप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. पनवेल तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐन वेळी त्यात दिवस जातात. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर तसं लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.
- कागदपत्रं: वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. दुसरं मत घेण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.
- राहण्याची सोय: केमोच्या दिवसांत रोज ये-जा झेपत नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे चौकशी करा. टाटामधला समाजसेवा विभाग चिठ्ठी देतो.

ऑपरेशन होणार नसेल तर

केमोनं काही महिने मिळतात, कधी वर्षाहून अधिक. झेपत असेल तर जरूर घ्या. झेपत नसेल तर नको म्हणण्याचा हक्क रुग्णाचा आहे, आणि त्याला आजार न सांगता त्याच्या वतीनं बाकीच्यांनी ठरवणं मला पटत नाही.

पाठीत आणि पोटात जाणारी कळ साध्या गोळ्यांनी थांबत नाही. मॉर्फिनच्या गोळ्या देणाऱ्या वेदनाशमन विभागात निदानाच्या दिवसापासूनच नाव घाला. योग्य मात्रेत त्याचं व्यसन लागत नाही. पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन कळ बधिर करण्याचाही उपाय आहे. घरी सांभाळणं अशक्य झालं तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून अशा रुग्णांना ठेवून घेतं.

काविळीसाठी धातूचा स्टेंट टाकायला सांगा. तो प्लास्टिकच्या स्टेंटपेक्षा जास्त दिवस मोकळा राहतो. स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. क्रोसिन देऊन झोपवू नका. स्टेंट तुंबून पित्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि त्यात काही तासांत रक्तदाब कोसळतो. रात्री दोन वाजले असले तरी गाडी काढा. फाइल आणि स्टेंट टाकल्याचा कागद उशाशीच ठेवा.